काकांसाठी तांजाकची घडी

क्वालालंपूर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोटोतल्या मलय नवरदेवाच्या डोक्यावरचं ते टोकदार कापड कसं बांधतात आणि तुमच्या हाताला ते जमेल का, असं तुम्ही विचारलंत. जमेल, पण फेट्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल. फेटा म्हणजे आठ-नऊ मीटरचा पट्टा, त्याचे वेढे डोक्यावर चढत जातात. इथे कापड चौरस असतं आणि निम्मं काम टेबलावरच होतं. आपल्याकडे पूर्वी डोक्याला चौकोनी रुमाल बांधायचे, त्याच्याशी याचं नातं जास्त जवळचं.

याला तांजाक म्हणतात. तेंग्कोलोक आणि देस्तार ही त्याचीच भावंडं. नावांची वाटणी प्रांतागणिक बदलते, पण साधारणपणे भारी कापडाचं, जास्त घड्यांचं आणि राजघराण्यातलं ते तेंग्कोलोक. देस्तार हा फारसी ‘दस्तार’. शीख मंडळी पगडीला म्हणतात तोच शब्द. काळ्या मखमलीची शिवलेली टोपी दिसते ती सोंग्कोक. ती वेगळी, तिला बांधणी नसते.

तुमच्या संग्रहातली मलेशियाची रिंगिटची नोट काढून बघा. तिच्यावर तुआंकू अब्दुल रहमान आहेत, नेगेरी सेम्बिलान या प्रांताचे राजे आणि १९५७ साली स्वतंत्र मलायाचे पहिले यांग दि-पर्तुआन आगोंग, म्हणजे साऱ्या देशाचे राजे. त्यांच्या डोक्यावर तेंग्कोलोकच आहे. आगोंगच्या राज्यारोहणाला मुकुट नसतो. काळ्या कापडावर चंदेरी नक्षीचं तेंग्कोलोक हाच त्यांचा मुकुट. त्याच्या घडीचं नाव ‘देन्दाम ताक सुदाह’. मलयमध्ये ‘देन्दाम’ म्हणजे सूडही आणि ओढही, म्हणून ‘न फिटलेला सूड’ किंवा ‘न संपणारी ओढ’, दोन्ही अर्थ लागतात. बाकीच्या घड्यांची नावंही अशीच डोळ्यांसमोर चित्र उभं करतात. ‘आयाम पाताह केपाक’ म्हणजे पंख मोडलेली कोंबडी, ‘लांग मेन्योंसोंग आंगिन’ म्हणजे वाऱ्याला सामोरी जाणारी घार. कापडाचं वर निघालेलं टोक, म्हणजे पान, कसं झुकतं किंवा उभं राहतं, ते या नावांत नेमकं पकडलंय.

आता कापड. खरं तांजाक सोंग्केतचं, म्हणजे सुती किंवा रेशमी कापडात जरीचा जादा आडवा धागा उचलून विणलेलं. तेरेंगानू आणि केलांतान या प्रांतांचं विणकाम नावाजलेलं. २०२१ साली युनेस्कोने सोंग्केतला वारसा यादीत घेतलं. तुम्ही मात्र पहिला हात साध्या सुती कापडावर बसवा, कांजी केलेल्या.

चौरस ९० सेंटीमीटरचा घ्या. त्याचा कर्ण सुमारे १२७ सेंटीमीटर भरतो. डोक्याचा घेर ५७ धरला तर ७० उरतात, म्हणजे दोन्ही टोकांना ३५-३५. तेवढ्यात टोकं मागे एकमेकांवरून जाऊन बाजूला येतात आणि गाठ बसते. ७५ सेंटीमीटरचा रुमाल घेतलात तर कर्ण १०६ आणि टोकं जेमतेम २४-२४. गाठ बसते, पण खोचायला काही उरत नाही आणि चालताना ती सुटते. नवशिक्यांची पहिली चूक बहुतेक हीच असते.

कापड कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोणात दुमडा. कर्णाची कड ६-६ सेंटीमीटरने तीनदा वर दुमडा आणि दर वेळी नखाने घडी दाबा. हा झाला पट्टा, त्याला तापाक म्हणतात. त्रिकोणाची उंची ६४ होती. पट्ट्याच्या वर आता ४० सेंटीमीटर शिल्लक राहतात. तेच पुढे पान होणार, ते कारांगान. पट्ट्याचा मध्य कपाळावर, भुवयांच्या वर तीन बोटं. टोकं कानांवरून मागे न्या, मानेच्या वरच्या खळग्यात एकमेकांवरून काढा आणि एका बाजूला आणून गाठ मारा. ती गाठ सिम्पुल. मग वर उभं असलेलं टोक निम्म्यात दुमडून खाली घ्या, पट्ट्यात खोचा आणि उरलेल्या कडेला तिरका कोन द्या. ही नुसती मूळ बांधणी. नावाच्या प्रत्येक घडीत पानाचे दुमड आणि त्यांचा क्रम वेगळा असतो.

खरी अडचण कर्णात आहे. कर्णावर ताणे-बाणे तिरके पडतात, म्हणून कड ओढली की ताणते. पट्टा टेबलावर घट्ट वाटतो आणि डोक्यावर तासाभरात ढिला पडून लहरी येतात. म्हणून बांधताना हिसका द्यायचा नाही, तळव्याने सरकवत न्यायचं. घडी घालण्याआधी कर्णाच्या पट्टीला मागून अस्तर चिकटवलं तर ताण बराच थांबतो. दुसरी अडचण जाडीची. तीन दुमडींनंतर कपाळावर आठ थर येतात. सोंग्केतचे आठ थर म्हणजे कपाळाला वळ. त्यामुळे जाड कापडाला दोनच दुमड ठेवतात आणि पट्टा थोडा रुंद घेतात.

सोंग्केतला पाण्याची कांजी लावू नका, जर काळी पडते. पैठणीला जे नियम तेच इथे. इस्त्री उलट्या बाजूने, मंद, वर सुती फडका ठेवून. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा धारदार घडी घातली की जरीचा धागा तिथेच तुटतो. उलट बाजूला सुटे तरंगणारे धागे असतात, ते अंगठीच्या खड्यात अडकतात. बांधण्याआधी अंगठ्या काढाच.

आज बाजारात बहुतेक तांजाक तयार मिळतात, आतून कडक अस्तर लावून, टाचून, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. पुणेरी पगडी आणि बांधलेला फेटा यांत जो फरक, तोच इथे. तयार तांजाक नीटनेटका दिसतो, पण डोक्याच्या मापाचा नसला तर पान एका बाजूला कलतं आणि माणूस दिवसभर हाताने सारखं करत बसतो. आमच्या मते बांधलेलाच चांगला. त्याचं पान जिवंत वाटतं. फक्त इथल्या दमट हवेत तो घडी घालून कपाटात ठेवायचा नाही, बुरशी येते. गोल डब्यावर चढवून ठेवावा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

एक पथ्य पाळायचं. पिवळा रंग राजघराण्याचा आहे आणि काही घड्या राजांच्याच आहेत. आपण हौसेने बांधताना साधी घडी घ्यावी, ‘देन्दाम ताक सुदाह’ नको. नवरदेवाला सूट असते, कारण तो ‘राजा सहारी’, एका दिवसाचा राजा. म्हणूनच फोटोतल्या मुलाचं तांजाक आणि साम्पिंग, म्हणजे कमरेला गुंडाळलेलं कापड, एकाच सोंग्केतचं आहे.

तुमच्या डोक्याचा घेर कानांच्या वरून मोजून कळवा, फीत घट्ट न ओढता, एक बोट आत जाईल इतकी सैल. त्या मापाने कापड पाठवतो. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
क्वालालंपूरची मंडळी