नट्यांचे फोटो खांद्यावर कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूडच्या नट्यांवर पानभर मजकूर आला होता. कुणाची किती लग्नं झाली, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या बोटात केवढा हिरा होता, सगळं त्यात होतं. अंगावरच्या कपड्यांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. वर फोटो छापले तेही खांद्यावर कापलेले. ऑड्रे हेपबर्नचा तर हनुवटीखाली लगेच संपला. मी हिंगोलीत लेडीज टेलर आहे. नामदेव महाराजांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा शिंपीकामाला इकडं कुणी कमी लेखत नाही. पण सिनेमाच्या पानावर या धंद्याला कधी जागा मिळालेली मी पाहिली नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजी सिनेमाचा नाद मला केबलनं लावला. नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्क नवीन आलं होतं. दिवसभर त्यावर कार्टून, आणि रात्री पोरं झोपायच्या वेळेला त्याच चॅनलवर टीएनटी लागायचं. त्यावर एमजीएम आणि वॉर्नर या अमेरिकन सिनेमा कंपन्यांचे जुने सिनेमे. लग्नसराईत ब्लाऊजांचा ढीग पडलेला असायचा, हुक-काजाचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि समोर टीव्ही. इंग्रजी मला बेताचंच कळायचं. बोलणं कळलं नाही की माणूस शिलाई नीट बघतो. सुरुवातीच्या पाट्यांत ‘गाऊन्स बाय एड्रियन’ हे इतक्यांदा यायचं, की नट्यांच्या नावांआधी ते नाव पाठ झालं.

हा एड्रियन म्हणजे एमजीएमचा मुख्य ड्रेस डिझायनर. तिथली नटी जोन क्रॉफर्ड, तिचे खांदे चांगलेच रुंद. अशी गिऱ्हाईक आली की आम्ही गडद कापड घ्या, बाही साधी ठेवा, असं सांगून मोकळे होतो. या गड्यानं खांद्यात पॅड घालून ते आणखी रुंद केले आणि कंबर आपोआप बारीक दिसायला लागली. ‘लेटी लिंटन’ (१९३२) मध्ये त्यानं तिच्या बाह्यांना पांढऱ्या झालरींचे एवढाले फुगे लावले. त्या ड्रेसच्या नकला अमेरिकेत दुकानादुकानांतून विकल्या गेल्या. सिनेमा मात्र कॉपीराइटच्या खटल्यात अडकून पडद्यावरून गेला. मीही त्याचे फक्त फोटो पाहिलेत. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधला ज्युडी गारलंडचा निळ्या-पांढऱ्या चौकडीचा फ्रॉकही एड्रियनचाच. त्याच्या आतला पांढरा दिसणारा ब्लाऊज खरा फिकट गुलाबी होता, कारण टेक्निकलरच्या, म्हणजे तेव्हाच्या रंगीत सिनेमाच्या, कॅमेऱ्याला शुभ्र पांढरा सोसायचा नाही. एवढं काम करून त्याला ऑस्कर नाही. कपड्यांसाठीचं बक्षीसच मुळी १९४८ च्या सिनेमांपासून सुरू झालं आणि हा १९४१ मध्येच एमजीएम सोडून गेला होता.

काळ्यापांढऱ्या सिनेमात कपड्याचं काय बघायचं, असं मला विचारतात. त्यांनी बेटी डेव्हिसचा ‘जेझबेल’ (१९३८) बघावा. गोष्ट १८५२ सालच्या न्यू ऑर्लिन्सची. मोठ्या नाचाला लग्न न झालेल्या मुलींनी पांढरं घालायचं अशी तिथली रीत, आणि ही पोरगी हट्टानं लाल घालून जाते. ती नाचायला लागते तशी एकेक जोडी बाजूला सरते, शेवटी मोकळ्या जागेत ही आणि तिचा होणारा नवरा एवढेच. लाल रंग पडद्यावर कुठंच नाही. सगळ्या पांढऱ्या घेरांत हा एकच गडद घेर, त्यावर उजेड पडला की चमकणारा. माझी बायको हुक लावता लावता मान वर करून म्हणली, “रंग कोणता असल हो?” मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणली, “लालच असल.” ते कपडे ओरी-केली नावाच्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाचे. बेटी डेव्हिसला त्या कामाचं ऑस्कर मिळालं, आणि ते तिचंच होतं यात मला शंका नाही. तसा घेर अंगावर असताना आधी ताठ्यानं आणि मग लाजेनं मरत नाचायचं, हे सोपं नाही.

याच बाईचा दुसरा किस्सा शिंप्यांनी ऐकण्यासारखा आहे. ‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) मध्ये पार्टीचा मोठा प्रसंग आहे. या कामासाठी आधी क्लॉडेट कोल्बर्ट ठरली होती. तिच्या पाठीला दुखापत झाली आणि ऐनवेळी बेटी डेव्हिस आली, म्हणजे तिचे कपडे घाईत शिवायचे होते. शिवणार ड्रेस डिझायनर एडिथ हेड. शूटिंगच्या दिवशी झगा अंगात घातला तर वरचा भाग ढिला, गळा मोठा, खांद्यावर ठरेना. एडिथ हेडच्या पोटात गोळा आला असेल. मला तो गोळा माहीत आहे, नवरी मांडवात जायची वेळ झाली आणि ब्लाऊज बसत नाही म्हणून फोन आला की येतो तो. पण डेव्हिसनं गळा ओढून दोन्ही खांद्यांखाली घेतला, आणि तसाच तो झगा पडद्यावर आला. आज त्या सिनेमाचा कुठलाही फोटो बघा, उघड्या खांद्यांचा तोच झगा असतो. फोटो कमरेपर्यंत छापला असेल तर.

एडिथ हेडला आठ ऑस्कर मिळाले. एवढे दुसऱ्या कुठल्याच बाईला मिळालेले नाहीत. नोकरी मागायला जाताना तिनं वर्गातल्या दुसऱ्यांची चित्रं आपली म्हणून दाखवली होती, हेही तिनंच पुढं सांगून टाकलं. मला ती आवडते. पण ‘सब्रीना’चं (१९५४) ऑस्कर एकटीनं घेतलं ते मला पटलेलं नाही. त्यातली ऑड्रे हेपबर्न ही ड्रायव्हरची पोरगी. ती पॅरिसला जाते आणि परत येते ती ओळखू येत नाही, सगळी गोष्ट त्या कपड्यांवर उभी आहे. परत आल्यानंतरचे खास कपडे ऑड्रे पॅरिसला जाऊन तिथल्या जिव्हाँशी या ड्रेस डिझायनरकडून घेऊन आली होती. हेपबर्न येणार म्हटल्यावर तो दुसऱ्याच नटीची, कॅथरिन हेपबर्नची, वाट बघत होता आणि दारात ही काटकुळी पोरगी उभी. त्याचं नाव पाट्यांत नाही. त्यातल्या काळ्या ड्रेसचा सरळ आडवा गळा, खांद्यावर दोन छोटे बो, तो माझा असं हेडबाईही म्हणायच्या आणि जिव्हाँशीही. माझा कौल जिव्हाँशीला. ऑड्रेच्या गळ्याखालची हाडं वर आलेली होती. गळा खोल घेतला असता तर ती उघडी पडली असती, बंद घेतला असता तर शाळेच्या बाई दिसल्या असत्या. हाडांच्या बरोबर वरून रेघ मारणाऱ्याला अंग वाचता येत होतं.

तोच गळा आज हिंगोलीत बोट नेक म्हणून चालतो. लग्नाच्या आधी पोरी मोबाइलवर कुठल्यातरी नटीचा फोटो घेऊन येतात, “काका, सेम असाच.” ऑड्रेच्या कपाळावरच्या बटांचंही तसंच, त्या आपल्याकडं साधना कट होऊन आल्या. आणि ‘वक्त’ (१९६५) मध्ये त्याच साधनाला घट्ट चुडीदार कुणी घातला? कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. त्यांच्याकडं पुढं येतोच.

पुरुषांचं एकच सांगतो. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये विमान कॅरी ग्रँटच्या मागं लागतं, तो मोकळ्या रानातून पळतो, धुळीत पालथा पडतो, मक्यात घुसतो. अंगावर करडा सूट. लोक विमान बघतात. मी कॉलर बघतो. एवढं पळूनही ती मानेपासून सुटत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेतली गोलाई, वर घेतलेला असला की हात उचलला तरी कोट उचलत नाही, ते तिथं दिसतं. आता रेडिमेड कोटांचे मुंढे सगळ्यांना बसावेत म्हणून खाली नेलेले असतात. नवरदेवानं हार घालायला हात वर केला की अख्खा कोट कानाशी येतो. ग्रँटचा बाप इंग्लंडात ब्रिस्टलला कपड्याच्या कारखान्यात इस्त्री करायचा. पोराला कोट वापरायचं घरातूनच कळलं असणार.

हे सगळे कपडे पुढं कुठं गेले? १९७० मध्ये एमजीएमनं जुनं सामान लिलावात काढलं. ‘सिंगिंग इन द रेन’मधली डेबी रेनॉल्ड्स तिथं जाऊन कपडे विकत घेत राहिली, पुढं दुसरीकडूनही घेतले. त्यांचं संग्रहालय व्हावं म्हणून वर्षानुवर्षं धडपडली. ते झालं नाही आणि २०११ मध्ये तिलाच लिलाव करावा लागला. मेरिलिन मन्रोचा तो उडणारा पांढरा चुण्यांचा झगा तेव्हा ४६ लाख डॉलरांना पुकारला गेला. तो ट्रॅव्हिलानं केलेला. हे नाव बातमीत कुणी मोठ्या अक्षरात छापलं नाही. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’साठी जिव्हाँशीनं केलेला एक काळा ड्रेस २००६ मध्ये लंडनला ४,६७,२०० पौंडांना गेला आणि ते पैसे भारतातल्या गरीब मुलांच्या कामासाठी दिले गेले. ही बातमी मात्र मी कापून दुकानात लावली होती.

आता भानूताई. ‘गांधी’ (१९८२) साठी जॉन मोलोंबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आफ्रिकेतला सूट-टायवाला बॅरिस्टर आणि शेवटचा पंचा, यांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या त्या सिनेमात कपड्यांनी दाखवल्या आहेत. पुढं २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली ऑस्करवाल्यांकडंच परत दिली, तिथं नीट सांभाळली जाईल म्हणून. २०२० मध्ये त्या गेल्या. मराठी वाचकांसाठी सुरुवात त्यांच्यापासून करा, मग एडिथ हेड, ओरी-केली, जिव्हाँशी. फोटो पायापर्यंत छापा, जागा कमी पडत असेल तर हिऱ्यांचा मजकूर कमी करा.

एड्रियनवर कुणी लिहिणार असेल तर त्याला ‘द विमेन’ (१९३९) आधी दाखवा. सगळा सिनेमा काळापांढरा, आणि मधेच काही मिनिटं रंगीत फॅशन शो लागतो. गोष्ट तिथं साफ थांबते. दिग्दर्शक जॉर्ज क्युकरला तो भाग नकोच होता. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असेल. मी मात्र तेवढ्या वेळात सुई खाली ठेवतो.

आपला,
एक जुना वाचक आणि शिंपी,
हिंगोली