नानांची डिक्की

सोलापूर
१८ जानेवारी २०२६

काय बे बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलास गाडी कशी चाललीय आणि मी नुसतं "एक नंबर" म्हणून विषय संपवला, कारण तेव्हा आसरा चौकात अडकलो होतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून झोपला होता की काय देव जाणे. आता निवांत लिहितोय. पोरं गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्यात बसायला गेलीत, घरात मी, नाना आणि कडक भाकरीचा डबा. तू पण गाडी घ्यायलास म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तर चहा करून घे.

नव्या सेडानचा, म्हणजे मागं वेगळी डिक्की असलेल्या गाडीचा, फोटो तुला दसऱ्यालाच टाकला होता, त्यावर तुझं उत्तर काय, तर "एसयूव्ही सोडून हे काय घेतलास लका". तू एकटाच नाहीस. ऑफिसात, गल्लीत, सासरवाडीला, सगळ्यांचं तेच. आजकाल उंच गाडी नसली की लोक असं बघतात जसं काय मी लग्नात स्लीपर घालून गेलोय. पण आमच्या घरात निर्णय कोणाचा असतो तुला माहितीय.

नानांचं एकच म्हणणं होतं, "गाडीला डिक्की पायजे." मी म्हणलो नाना, सगळ्याच गाड्यांना असते की. तर म्हणाले, "ती डिक्की नव्हं, ती शिटाच्या मागची फट." तू नानांना चादरीच्या कारखान्यात बघितलायस. तिथं मालकाची अँबॅसिडर होती आणि बाहेरगावी सँपलचे गठ्ठे जायचे तेव्हा डिक्कीत ते कसे बसवायचे हे काम नानांचंच. कुठला गठ्ठा आडवा, कुठला उभा, हे त्यांना अजून पाठ आहे. मागं डिक्की नसलेली गाडी म्हणजे त्यांच्या भाषेत शेपूट तुटलेलं जनावर. आता ह्याच्यावर काय बोलणार.

मग सुरू झाली शोरूमची वारी. शोरूममधला पोरगा आपला टचस्क्रीन दाखवतोय, सनरूफ उघडून दाखवतोय, आणि नाना गाडीच्या मागं जाऊन उभे. "उघड." पोरगा उघडणार, नाना वाकून आत बघणार, हाताने वीत-वीत मोजणार, मग कडेवर हात ठेवून दाबून बघणार. एका ठिकाणी तर चक्क कडेवर बसले. तो पोरगा माझ्याकडं बघायला लागला, मी छताकडं.

पण खरं सांगू, नानांमुळं मला एक गोष्ट कळली. ब्रोशरमध्ये डिक्की लिटरमध्ये लिहितात. डिझायरची ३८२, अमेझची ४१६, टिगोरची ४१९, आणि मोठ्या गाड्यांत होंडा सिटीची ५०६, व्हर्टस-स्लाव्हियाची ५२१, व्हर्नाची ५२८. हे आकडे वाचून मी खूश. पण आत किती मावतं त्याच्याइतकंच तोंड किती मोठं आहे ते बघावं लागतं. सेडानच्या डिक्कीचं झाकण काचेच्या खालून उघडतं, त्यामुळं आत जागा असूनही मोठा खोका तोंडातच अडकतो. आणि कड किती उंच आहे, म्हणजे पोतं किती उचलून आत टाकावं लागेल, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. तू जाशील तेव्हा घरची सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा. लाजू नकोस.

त्यात चार मीटरचा खेळ आहेच. २००६ च्या बजेटमध्ये सरकारनं चार मीटर लांबीच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांवर कर कमी केला, तेव्हापासून कंपन्या सेडानची शेपटी कापत बसल्यात. टाटाची इंडिगो सीएस त्यातली पहिली. आणि डिझायर आठवते का, २००८ ला आली तेव्हा लांब होती, २०१२ ला आखूड झाली. आता तर फरक अजून वाढला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटी बदलला ना, तेव्हा चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत आली आणि तिच्यापेक्षा मोठी थेट ४० मध्ये. म्हणजे शेपटी दोन वीत लांब पाहिजे तर सरकारला बावीस टक्के जास्त. मला व्हर्टस मनापासून आवडली होती रे, चालवून बघितली तर घरी यावंसं वाटेना, पण बजेट हा शब्द आमच्या घरात नानांच्या वरचा आहे. म्हणून छोट्यातलीच घेतली. बायको म्हणाली बरं झालं, आपल्या गेटमधून लांब गाडी वळली तरी असती का.

सीएनजीचा विचार केला होता. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणार असशील तर तू जरूर घे. पण सेडानमध्ये सिलिंडर डिक्कीत बसतो आणि डिक्कीचं होतं फडताळ. टाटावाल्यांनी टिगोरला एका मोठ्याच्या जागी दोन छोटे सिलिंडर खाली आडवे टाकलेत, त्यामुळं वर बऱ्यापैकी जागा राहते, ते डोकं मला आवडलं. पण नानांनी सिलिंडर बघितला आणि म्हणाले, "हिच्यात तर आधीच सामान भरलंय की."

आईचा मुद्दा मात्र वेगळाच होता आणि तो मला आधी सुचलाच नव्हता. तिचे गुडघे. उंच गाडीत तिला चढवत नाही, साडी सांभाळायची का दांडी धरायची. आणि सेडानमध्ये बसताना सोपं, टेकलं की पाय आत, पण उतरताना खोल खड्ड्यातून उठल्यासारखं. म्हणजे दोन्हीकडून मार. चार शोरूममध्ये तिला बसवलं-उठवलं, शेवटी ती म्हणाली आता गाडी नको पण घरी चला.

सेफ्टीचं पण बघितलं, ते बघच. पूर्वी छोट्या सेडानला कोणी विचारत नव्हतं, पण २०२४ च्या शेवटी नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सेफ्टी तपासणारी संस्था) पाच स्टार मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. व्हर्टस, स्लाव्हिया, व्हर्नाला आधीच होते. म्हणजे पाच स्टार पाहिजेत तर मोठीच घ्यायला लागते असं आता राहिलं नाही.

बुकिंगनंतरचा तमाशा ऐक. शोरूमचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. किंमत ठरली, हात मिळवला, आणि कोटेशनमध्ये बघतो तर "अ‍ॅक्सेसरी पॅक", मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, आणि कसला तरी परफ्यूम, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. म्हणलो नको. तर म्हणे सर हे कंपल्सरी आहे. मी म्हणलो परफ्यूम कंपल्सरी? मग साहेब आले, पाणी आलं, शेवटी पॅक गेलं. इन्शुरन्सचं पण तसंच, शोरूममधूनच घ्यायला पाहिजे असं काही नसतं, आपण बाहेरून घेऊ शकतो. मी बाहेरचा कोट मोबाइलवर दाखवला आणि त्यांचा रेट तिथल्या तिथं खाली आला. आणि डिलिव्हरीच्या आधी टायर वाचायला शीक. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. गाडी किती दिवस यार्डात उन्हात उभी होती त्याचा अंदाज येतो.

दसऱ्याला मिळेल की नाही धाकधूक होती. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला, लांबोटीला पुण्याचा हायवे बंद, इकडं विजापूर रोड बंद, आणि लोकांची घरं-जनावरं वाहून चाललेली असताना आपण शोरूमला फोन करून विचारतोय माझी गाडी कुठाय, लाज वाटली रे. दोन दिवस फोनच केला नाही. पण आली. २ ऑक्टोबरला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पहिली फेरी सिद्धेश्वराला. लिंबावरून चाक गेलं तेव्हा नाना मागं उभं राहून डिक्कीच्या झाकणावर हात फिरवत होते. पुढं ये म्हणलं तरी आले नाहीत.

आता चालवतोय साडेतीन महिने. चांगलं-वाईट दोन्ही सांगतो.

दिवाळीनंतर पुण्याला ताईकडं गेलो. सामान: मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी एक पोतं, पन्नास किलो. चार चादरी. शेंगाचटणीचे डबे सहा. दोन बॅगा. आईचा वॉकर. मी म्हणलो मावणार नाही, नानांनी मला बाजूला केलं. आधी पोतं आडवं, सीटच्या पाठीला एकदम चिकटवून, म्हणाले जड सामान चाकाच्या पुढं पायजे, मागं टोकाला टाकलं की गाडी नाक वर करते. मग बॅगा उभ्या, डबे चादरीत गुंडाळून मधल्या फटीत, वॉकर घडी करून वर तिरका. झाकण लावलं, एक "धप्प" आवाज आला आणि नाना हात झटकत आत जाऊन बसले. सत्तरीचा माणूस, चेहरा असा की आत्ता मालक येऊन शाबासकी देणार.

आणि तेव्हा कळलं डिक्की वेगळी का पाहिजे. अडीचशे किलोमीटर सहा डबे चटणी मागं आणि गाडीत लसणाचा वास नाही! हॅचबॅक नाहीतर एसयूव्हीमध्ये मागचं सामान आपल्याच खोलीत असतं, वास पण, खडखडाट पण, आणि करकचून ब्रेक मारला तर डबा पण. इथं मध्ये सीटची भिंत.

पण त्याच ट्रिपला आमच्याच गल्लीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरनं इज्जत काढली. तो ब्रेकर तुला माहितीय, उंटाच्या पाठीसारखा. भरलेली गाडी मागून बसलेली, मी सरळ घातली, आणि खालून "खर्रर्र". काळजातून आवाज गेला बे. तेव्हापासून पद्धत ठरलीय, सगळे बसले असतील तर गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, आणि नाना आधीच खाली उतरून ट्रॅफिक पोलिसासारखे हात करत उभे राहतात. एसयूव्हीवाला शेजारी गॅलरीतून बघतो. बघू दे.

अ‍ॅव्हरेज विचारलास. हायवेला ऐंशी-नव्वदनं गेलो तर एकवीस-बावीस, गावात तेरा-चौदा. ब्रोशरमधला आकडा विसर. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकदच कमी, त्यामुळं थोडं पडतंच. नाना म्हणतात तक्रार करू नको, आपल्याच जिल्ह्यातला ऊस आहे तो. हो, पण तोच ऊस सीझनमध्ये रात्री पंढरपूर रोडला दोन-दोन ट्रॉल्या भरून, मागं लाल लाईट नाही रिफ्लेक्टर नाही, अंधारात डोंगर चालल्यासारखा पुढं असतो. म्हणून रात्रीचं जाणं मी बंद केलंय.

टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढ, दोनशे फेऱ्या, २०२५ ला तो तीन हजारला होता. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, पुण्याला जाऊन येईपर्यंत आठ फेऱ्या उडतात, तरी तेव्हाच्या हिशोबानं एकेक पंधरा रुपयांत पडायचा.

धुणं हा आमच्याकडं वेगळाच विषय. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि आपण पाइप लावून गाडी धुवायची? आईनं पहिल्याच दिवशी दम दिला. आता एक बादली, दोन फडकी. आधी कोरडी धूळ ब्रशनं, मग ओलं फडकं वरून खाली, छप्पर, काच, बॉनेट, चाकं शेवटी. उरलेलं पाणी कढीपत्त्याला. पांढरी घेतली म्हणून धूळ खपून जाते. मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत पांढरी असल्याचा अजून फायदा होईल असं वाटतंय.

पहिला ओरखडा नवी पेठेत, विसाव्या दिवशी. कोणाच्या तरी हँडलनं, डाव्या मागच्या दारावर वीतभर. मी दोन दिवस जेवलो नाही असं बायको सगळ्यांना सांगते, खोटं आहे, एकच दिवस.

आणि आईच्या गुडघ्यांचं शेवटी काय केलं सांगू? उंची कमीजास्त करायची सोय फक्त ड्रायव्हरच्या सीटला आहे, शेजारच्या नाही. बरेच उपाय शोधले, ऑनलाइन कुशन मागवलं, ते घसरायचं. मग नानांनी घरातली जुनी सोलापुरी चादर काढली, चौपदरी घडी, परत एक घडी, आणि सीटवर टाकली. तीन बोटं उंच. घसरत नाही, गरम होत नाही. आई आता आधी दोन्ही पाय बाहेर काढते, दाराच्या वरची मूठ धरते आणि "विठ्ठला" म्हणून उठते. पहिल्या झटक्यात. अठ्ठावीस हजाराच्या पॅकमध्ये हे नव्हतं.

तुझं काय ते बजेट आणि घरात बसणारी माणसं किती, वय काय, ते कळव, मग बोलू. वहिनी चालवणार असतील तर ऑटोमॅटिक बघ. त्यात एएमटी आणि सीव्हीटी असे गिअरचे प्रकार असतात, एएमटी स्वस्त पडतं, पण गिअर बदलताना मान डोलावतं, सीव्हीटी मऊ चालतं पण महाग. आम्ही मॅन्युअलच घेतली, पन्नासेक हजार वाचले.

आणि इकडं येणार असशील तर आदल्या दिवशी फोन कर. पाण्याचा दिवस असला तर सकाळी नऊपर्यंत मी बादली घेऊन दारातच असतो, तू आलास तर दुसरं फडकं तुझ्या हातात देईन.

तुझा,
सच्या

ता.क. नाना विचारायलेत तुझ्या डोक्यात असलेल्या गाडीची डिक्की किती. लिटरमध्ये नको, वितीत सांग.