वाचनालयातल्या काकांना, जाहीरपणे

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं, तेव्हा राहून गेलेले आभार चारचौघांत मानायचं ठरवलं. बाबांचं दुकान बंद पडलं त्या वर्षी माझी वर्गणी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत होतात, हे मला फार उशिरा तुमच्या सहकाऱ्यांकडून समजलं. आणि त्याच वर्षी तुम्ही इंग्रज लेखक थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' ही कादंबरी हातात ठेवलीत. "जाड आहे, पण सोडू नकोस," एवढंच म्हणालात.

तेव्हा मला एकच प्रश्न छळायचा. बाबांनी ज्यांना धंद्यात उभं केलं, तेच गृहस्थ गावभर बाबांना लबाड का म्हणतात? परकी माणसं तर उलट विचारपूस करत होती. उत्तर अठराव्या प्रकरणात सापडलं. नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परततो, लंडनमध्ये रोख्यांचे भाव कोसळतात आणि दलाल सेडलीचं दिवाळं निघतं. त्याच्यावर सगळ्यांत जास्त तुटून पडतो तो ऑसबोर्न, ज्याला सेडलीनंच वर आणलेलं असतं. थॅकरे म्हणतो, ज्याचे उपकार घेतले त्याच्याशी बिनसलं, की त्याला गुन्हेगार ठरवणं भागच पडतं. नाहीतर आपला कृतघ्नपणा उघडा पडतो. ते पान मी कितीदा वाचलं असेल! त्या गृहस्थांवरचा माझा राग तिथे निवळू लागला.

थॅकरेनं हे लांबून पाहिलेलं नव्हतं. कलकत्त्यात 1811 साली जन्म, लहानपणीच वडील गेले. वारशाचा पैसा काही जुगारात गेला, बराचसा 1833 च्या सुमारास कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या तेव्हा. 1840 मध्ये बायकोला मानसिक आजार जडला. पोटासाठी मासिकांत लिहिता लिहिता 1847-48 मध्ये ही कादंबरी त्यानं दरमहा हप्त्यांनी छापली, चित्रंही स्वतःच काढली.

वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही चांगली बाई होईन, असं कादंबरीची नायिका बेकी म्हणते आणि थॅकरे तिला चक्क दुजोरा देतो. मला ते अजून पटत नाही. तिला घर भाड्यानं देणारा रॅगल्स, आयुष्यभर बटलरकी करून पैसा साठवलेला माणूस, तिच्या थाटामाटापायी धुळीला मिळतो. त्यानं कोणाकडे बघायचं?

डॉबिन मात्र माझा. सेडलीच्या घराचा लिलाव होतो, तेव्हा तो सेडलीच्या मुलीचा, अमेलियाचा, लहानसा पियानो विकत घेऊन तिच्याकडे पाठवतो. तो तिच्या प्रियकरानं, ऑसबोर्नच्या मुलानं, जॉर्जनं पाठवला असं ती वर्षानुवर्षं समजते, आणि हा एका शब्दानं बोलत नाही. काका, वर्गणीचं कळलं तेव्हा मला डॉबिनच आठवला.

बाबांना इंग्रजी येत नाही. रोज रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना गोष्ट मराठीत सांगायचे. दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे, "सेडलीचं पुढे काय झालं गं?" घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते तिथून. ते तुमच्यामुळे, काका.

बाबांना तुम्हाला भेटायचंय. काकूंना घेऊन या रविवारी जेवायलाच या.

तुमची कृतज्ञ,
एक वाचक