ट्यूब फोडायला कोणी सांगितले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथीच्या साफसफाईनिमित्त कालच्या पुरवणीत जुन्या बॅटऱ्या आणि दिव्यांविषयी सल्ला आला आहे. हेतू चांगलाच. मात्र सोबतच्या छायाचित्रात हिरव्या पानावर विराजमान झालेला बल्ब आहे जुना, पिवळ्या उजेडाचा, तारेचा. घरातल्या सगळ्या दिव्यांत ज्यात ना पारा ना सर्किट, असा तेवढा तोच! असो. छायाचित्राने कुणाचे बिघडत नाही, मजकुराने बिघडते.

'लांब ट्यूब जागा अडवतात, त्या गोणपाटात गुंडाळून फोडाव्यात आणि सुक्या कचऱ्यात द्याव्यात.' हे वाक्य छापखान्यापर्यंत पोचेतो एकालाही खटकले नाही? ट्यूब आणि सीएफएलमधला पारा काही वाफेच्या रूपात असतो, काही आतल्या पांढऱ्या पुडीत मुरलेला. एका सीएफएलमध्ये तो जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम, ताप मोजायच्या जुन्या काचनळीतल्या पाऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. घाबरण्यासारखे त्यात काही नाही, पण दिवा अख्खा आहे तोवरच. गोणपाट काच अडवते, वाफ अडवत नाही, आणि फोडणारा माणूस नेमका तिच्यावरच वाकलेला असतो.

जागेचेच म्हणाल तर नवी ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात येते ते फेकू नये. नवी वर चढली की जुनी त्याच वेष्टनात सरकवावी, दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावावी आणि कपाटामागे ठेवावी. छत्रीपेक्षा जास्त जागा लागत नाही.

हातून फुटलीच तर आधी पंखा आणि एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि मुलांसकट, मांजरासकट सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटे बाहेर. झाडू मारू नये, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. दोन्हींनी पूड खोलीभर उडते. लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाचे दोन तुकडे घेऊन काचा त्यावर ओढून घ्याव्यात, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, मग ओल्या कागदाने फरशी पुसावी. हे सगळे, तो कागद आणि पट्टीसुद्धा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून बरणी घराबाहेर ठेवावी.

दुसरा सल्ला 'बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सगळ्या बॅटऱ्या साठवा' हा. बिस्किटांचा डबा पत्र्याचा असतो, आणि पत्र्यातून वीज वाहते. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला, शेजारी शेजारी असतात. त्यांना डब्याची कड किंवा दुसरी बॅटरी टेकली की शॉर्ट झाले. 'मेलेल्या' बॅटरीतही तेवढा जीव शिल्लक असतो. म्हणून डबा प्लास्टिकचा, कोरडा हवा. चौकोनी बॅटरीच्या टोकांवर आणि लिथियमच्या प्रत्येक सेलवर, बटणासारख्या २०३२ वर तर दोन्ही बाजूंनी, चिकटपट्टी लावूनच आत टाकावे. (२०३२ म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. उलटी करवू नये, तडक इस्पितळ गाठावे.)

रिमोटमधल्या अल्कलाइन सेलला पांढरी बुरशीसारखी पूड येते ती अल्कधर्मी, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाची असते. हातमोजे घालून, माडाच्या विनेगरचे चार थेंब कापसावर घेऊन पुसली की निघते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मात्र उलटे. तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड, तिथे खायचा सोडा. ती नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी, शिशाचे पैसे वजा होतात. भंगारअड्ड्यावर दिली तर आतले ॲसिड बहुधा तिथल्याच मातीत ओततात.

फुगलेली मोबाइलची बॅटरी कुठल्याच डब्यात टाकू नये. टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. कोरड्या रेतीच्या बादलीत घालून, घराबाहेर सावलीत ठेवून, कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळी द्यावी. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चेपली गेली तर गाडीच पेटू शकते.

आता 'सुका कचरा'. २०१६ च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या बॅटऱ्या, ट्यूब आणि सीएफएल यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. एलईडीत पारा नसला तरी सर्किट असते. तो आणि चवथीच्या बंद पडलेल्या माळा ई-कचऱ्यात जातात. ओल्या कचऱ्यात चुकून गेलेला सेल साळगावच्या कचरा-प्रकल्पापर्यंत पोचतो, तिथे ओल्या कचऱ्याचे खत होते, आणि ते खत कुणाच्या तरी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पडते.

लेखात एका पंचायतीच्या बॅटरी-पेटीचे कौतुकही आहे. पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, पंचायत घराच्या पागोळ्यांखाली ठेवलेला. तळ भिजून फुगला आहे, आत सेल पाण्यात, आणि कोपऱ्यात दोन ट्यूब, फुलदाणीत ठेवाव्यात तशा. पेटी कोण नेणार, कुठल्या वारी आणि कुठे, हे तिच्यावर लिहिलेले नाही. लेखातही नाही.

जाता जाता: रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवणाऱ्या ठेकेदाराची माणसे काढलेले दिवे खांबाच्या बुंध्याशी गटारात ठेवून जातात. त्यांतही पारा असतो. घरोघरच्या लोकांना उपदेश करताना पुरवणीने एकदा गटारातही डोकवावे.

चूक-दुरुस्ती छापाल, तर तितक्याच मोठ्या चौकटीत छापा. आणि तो खोका तेवढा कुणाला तरी सांगून आत घ्यायला लावा, पाऊस अजून महिनाभर आहे.

आपला,
एक वाचक, डिचोली