त्रिकोणात न लिहिलेलं

माननीय पर्यावरणमंत्री,

सादर नमस्कार.

प्लास्टिकचे तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो. तो फक्त पॉलिमर, म्हणजे मूळ प्लास्टिक, कुठला ते सांगतो. मऊपणासाठी, ऊन सोसावं म्हणून, चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात काय काय मिसळलंय, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ते शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. रेणूंना विद्युतभार द्यायचा, त्यांचे तुकडे होऊ द्यायचे आणि वस्तुमानावरून ओळख पटवायची.

यंत्र तरबेज आहे, पण मनकवडं नाही. मऊपणासाठी थॅलेट नावाची रसायनं घालतात; त्यातल्या बहुतेकांचं शिखर आलेखात 149 या वस्तुमानावर उठतं. म्हणजे घराणं कळलं, माणूस नाही. डीईएचपी आणि डीएनओपी या दोन थॅलेटांचं तर रेणुसूत्रही एकच. युरोपात 2019 पासून विद्युत उपकरणांतल्या डीईएचपीवर 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. डीएनओपी त्या यादीत नाही. दोघांना वेगळं काढायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून कोण कधी बाहेर पडतो ते पाहावं लागतं, आणि ताडून पाहायला शुद्ध नमुना हाताशी हवा.

एकदा मी नमुना न घालता नुसता द्रावक यंत्रात सोडला, तर 149 हजर! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. द्रावक मी प्लास्टिकच्या नळीत भरून ठेवला होता. काचेच्या बाटलीतला घेतला आणि शिखर नाहीसं झालं. तेव्हापासून ब्लँकचा, म्हणजे नमुन्याविना केलेल्या चाचणीचा, आलेख न जोडलेल्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. आपल्या खात्यानेही ठेवू नये.

आणखी एक पेच. इर्गाफॉस 168 हे प्लास्टिकला जपणारं रसायन ऑक्सिजन स्वतःवर घेतं. त्याचं वस्तुमान 646. एक ऑक्सिजन चिकटला की 662. पुन्हा वितळवलेल्या मालात हे 662 सापडतं. मूळ मालात इर्गाफॉस होतं हे ठाऊक असेल तर कोडं मिनिटात सुटतं, नाहीतर आठवडा जातो.

म्हणून मागणी एवढीच, की उत्पादकांनी मिसळलेल्या पदार्थांची यादी आणि प्रत्येकाचा चिमूटभर शुद्ध नमुना सरकारी प्रयोगशाळेत गोपनीय ठेव म्हणून जमा करावा. व्यापारी गुपिताची ओरड होईल. पण हेच यंत्र प्रतिस्पर्धी कंपन्यांकडेही असतं. त्या एकमेकींचा माल विकत आणून तपासू शकतात. मग गुपित उरतं ते फक्त वापरणाऱ्यापासून.

नियमाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक दिवस प्रयोगशाळेत पाठवा. नमुना त्यांनीच आणावा, फक्त काचेच्या बाटलीत घालून.

आपली विश्वासू,
एक रसायन विश्लेषक