एअर रायफलच्या सदोष कामाबद्दल तक्रार

ठाणे पश्चिम, १८ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : ०.१७७ इंच बोअरच्या (नळीच्या छिद्राच्या), पीसीपी म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलचे फेरकाम किंवा रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

सशाच्या शिकारीसाठी परदेशात बनलेली ही हलकी रायफल एप्रिलमध्ये आपल्या तुर्भ्याच्या वर्कशॉपला दिली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे इथे शिकारीचा प्रश्नच येत नाही; ती १० आणि २५ मीटरवरच्या कागदी टार्गेटसाठीच हवी आहे. ऑर्डरमध्ये नवा अक्रोडी स्टॉक (लाकडी दस्ता), क्राउन (नळीच्या तोंडाची कड), दोन टप्प्यांचा ट्रिगर आणि एकूण वजन साडेतीन किलोच्या आत, असे स्पष्ट लिहिले होते. वजन ३ किलो ९०० भरले. तेही एकवेळ चालवून घेतले असते.

ट्रिगरचे मात्र चालवून घेता येणार नाही. पेलेट (शिशाची छोटी गोळी) न भरता, नळी सुरक्षित दिशेला धरून कॉक केलेल्या, म्हणजे डागायला तयार ठेवलेल्या, रायफलचा बट (मागचे टोक) वीतभर उंचीवरून रबरी मॅटवर टेकवला, तर पाचपैकी तीन वेळा हॅमर (हवेची झडप उघडणारा ठोकळा) आपोआप सुटतो. ओढ हलकी करण्यासाठी सिअरची (हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीची) पकडच कमी केली आहे. ओढ हलकी करायची ती स्प्रिंग आणि घासणाऱ्या पृष्ठभागांच्या पॉलिशने; पकड खाऊन केली की बंदूक धक्क्याने सुटते. रेंजवर शेजारी मुले उभी असतात.

दुसरे, न विचारता हॅमर स्प्रिंग बदलली. ०.५४ ग्रॅमचा पेलेट आधी सेकंदाला २४० मीटरने जात होता, आता क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाच पेलेटची सरासरी २८० येते. म्हणजे साडेपंधरा ज्यूलवरून एकवीसच्या वर. शस्त्र नियम २०१६ नुसार या बोअरची एअर रायफल २० ज्यूलच्या आत असेल तरच विनापरवाना ठेवता येते. कागदाला भोक पाडायला ही ताकद लागतच नाही. तेव्हापासून सिलिंडरमधली हवा काढून रायफल कुलपात ठेवली आहे.

स्टॉकचे दुखणे पावसाळ्यात कळले. बाहेरून पॉलिश सुरेख आहे, पण आतल्या खाचेत लाकूड कच्चेच सोडले आहे, तेलाचा हातसुद्धा फिरवलेला नाही. मे महिन्यात सिलिंडर आणि फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) यांच्यामधल्या फटीतून दहाची नोट पुढपासून ॲक्शनपर्यंत (ट्रिगर-हॅमरच्या यंत्रणेपर्यंत) सरकत होती. जुलैच्या दमटपणात लाकूड फुगले आणि ती नोट डाव्या बाजूला अर्ध्यावरच अडते. लाकूड सिलिंडरला रेटते, सिलिंडर पट्टीने नळीला बांधलेले आहे, म्हणून तो दाब थेट नळीवर जातो. २५ मीटरला १२ मिलिमीटरचा ग्रुप (छिद्रांचा घोळका) आता ४० पर्यंत पसरतो आणि उजवीकडे सरकतो. त्यात पेचांखाली ॲल्युमिनियमचे पिलर (लाकूड दबू नये म्हणूनचे आधार) बसवलेलेच नाहीत. पेच कसले की लाकूड दबते, चार दिवसांत पुन्हा ढिले. ठाणे जिल्ह्यात काम करणाऱ्याला इथला पावसाळा ठाऊक असायला हवा.

क्राउनवर बर (कापताना उरलेली धातूची बारीक कूस) राहिला आहे. कान साफ करायच्या काडीचा कापूस नळीच्या तोंडावरून बाहेर ओढला, की घड्याळातल्या चारच्या जागी तंतू अडकतात. पेलेटची मागची कड मऊ शिशाची असते. तिच्या एका बाजूने हवा आधी सुटली की पेलेट तिरका होतो. लेथवर नळी बोअरला सेंटर करून पुन्हा कापावे. हाताने घासून भागणार नाही.

मागणी अशी : जुनी हॅमर स्प्रिंग परत, सिअर नवा, खाच आतून सील करून पिलर, क्राउन पुन्हा, सगळे विनामूल्य आणि ३० दिवसांत. ते जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत द्यावी. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. बिल, क्रोनोग्राफचे आकडे आणि टार्गेटचे फोटो सोबत जोडले आहेत.

रायफल आम्हीच वर्कशॉपला आणून देऊ. परत घेताना बट आपटण्याची चाचणी आणि पाच पेलेटचा वेग, दोन्ही आमच्यासमोर घ्यावेत.

आपला ग्राहक