मंत्रीमहोदय, तुमच्या मंडपात दोन जनरेटर होते

मा. मंत्रीमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी 19 जूनला, जागतिक सिकलसेल दिनी (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार), आपण इंदूरला आला होता. आमची प्रयोगशाळा पाहिलीत, उणे 80 अंशांच्या फ्रीजरपुढे फोटो काढलात आणि व्यासपीठावरून जाहीर केलंत, "ताईंना महिन्याभरात जनरेटर मिळेल." टाळ्या मीही वाजवल्या. त्याला आता अकरा महिने होतील.

गेल्या शनिवारी रात्री आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रविवारी सुटी. संस्थेचा जुना जनरेटर दोन वर्षं नुसता शोभेला आहे. सोमवारी सकाळी कुलूप उघडलं तर चपला पाण्यात. फ्रीजरच्या पाटीवर अधिक 14. डब्यांवर मार्करने घातलेले नंबर ओघळून एकमेकांत मिसळले होते. एक नळी उचलली, तर आतलं लाल पाणी डुचमळलं.

साहेब, त्या नळ्या दोन हजारांच्या आसपास होत्या. नक्की आकडा देत नाही, रजिस्टर घेऊन बसायची अजून हिंमत नाही. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीच्या पाड्यांवरून बर्फाच्या पेटीत, बसच्या शेवटच्या सीटवर मांडीवर धरून आणलेलं रक्त. शिवाय ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांचे नमुने, पहिलं औषध देण्याआधी घेतलेले. ते परत घेता येत नाहीत, कारण औषधानंतरचं रक्त ते रक्त नसतं. आणि त्यांतली काही मुलं आता नाहीतच. डीएनए कदाचित थोडंफार निघेल. कुठलं जनुक चालू होतं ते सांगणारं आरएनए गेलं.

आपल्याला वाटेल, तपासणी तर चालूच आहे. आहे ना! 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकलसेलची मोहीम निघाली, सात कोटी लोक तपासायचे, 2047 पर्यंत आजार संपवायचा. लग्नाआधी पत्रिकेसारखी जुळवायची कार्डंही वाटली. पण रक्ताचा थेंब द्रावणात टाकून ते गढूळ होतं का, मागच्या काळ्या रेघा दिसतात का, एवढं पाहणारी चाचणी वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) कोण आणि आजारी कोण हेसुद्धा वेगळं सांगत नाही. एकाच आईची दोन पोरं, दोघांनाही तोच आजार. एक दर महिन्याला हाडांच्या दुखण्याने कण्हतं, दुसरं हाटात धावतं. असं का? थोडं उत्तर गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे, काहींच्या रक्तात ते मोठेपणीही जास्त राहतं. उरलेलं उत्तर त्या नळ्यांत होतं.

एकतीस वर्षं मी हेच केलं. बाबा रामबागेच्या घरी अखेरच्या आजारात होते, तेव्हा मी जोबटला दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. भाऊ अजून बोलत नाही. मानेचे मणके मायक्रोस्कोपने खाल्ले. हे सगळं तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. मागायचा होता एक जनरेटर.

पण एकट्या जनरेटरचं आहे का हे? देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो. 2024 च्या जुलैत कुणा हुशार माणसाने प्रयोगशाळेच्या आयात रसायनांवरचं सीमाशुल्क 10 वरून थेट 150 टक्के केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. माझ्या विद्यार्थिनीची फेलोशिप कागदावर महिना 37,000 होती. हातात सात महिने शून्य होती. ती आता जर्मनीत आहे. आंध्रातल्या भीमावरमचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेला गेले. त्यांच्या चमूने बनवलेल्या औषधाने 1948 मध्ये बोस्टनला ल्युकेमियाची मुलं पहिल्यांदा काही काळ तरी सावरली. इथे राहिले असते तर फाईल घेऊन बाकावर बसले असते, माझ्या शेजारी.

त्या दिवशी तुमच्या मंडपात दोन जनरेटर होते, एक कूलरला, एक माइकला. माझ्या हिशेबाने त्या मंडपाच्या खर्चात आमचा जनरेटर तीनदा आला असता. पावती पाहिलेली नाही, पण खुर्च्या मोजल्या होत्या. आमच्या सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दोनला जलेबीच्या कढईवर दिवा असतो, साहेब. आमच्याकडे नव्हता.

काल आपल्या कार्यालयातून फोन आला. यंदाही 19 जूनला कार्यक्रम आहे, मी पाच मिनिटं बोलावं, "काहीतरी पॉझिटिव्ह". येते. भाषण झालं की टेंटवाल्याला गाठून विचारणार आहे, दोनातला एक आठवडाभर आमच्याकडे ठेवतोस का म्हणून. भाडं मी भरीन.

आपली,
एक रक्तशास्त्रज्ञ, इंदूर